नव्यासारखी पुस्तकं

बाइंडरकाकांच्या हातून गेलेलं फाटकं पुस्तकही नवरीसारखं सजून बाहेर पडे. लेक परदेशी शिकायला निघाली, तेव्हा तिची जुनी घेतलेली अकरा पुस्तकं त्यांनी पुन्हा शिवली, वर निळं कापड चढवलं. “बाबा, माझ्यापेक्षा यांचीच पाठवणी थाटात केलीत,” म्हणून ती हसली होती.

दुसऱ्याच वर्षी ती तिकडे आजारपणात गेली. शेवटचं तोंडसुद्धा दिसलं नाही. उरली ती पुस्तकं, आणि समासात पेन्सिलीने केलेली तिची टिपणं. तिच्या खोलीतल्या मैत्रिणीने खोली सोडता सोडता ती पोस्टाने पाठवली. फॉर्मवर किंमत लिहायची होती. ती देखणी बांधणी पाहून त्या भल्या पोरीला वाटलं, फार मोलाची असणार. तिने मोठा आकडा लिहिला. त्यावर इथे कस्टमचा कर इतका बसला, की काकांनी वर्षभर पुठ्ठे कापले तरी फिटला नसता.

कर भरून पार्सल सोडवायची मुदत पंधरा दिवसांची. चौदा दिवस काकांनी त्या पोरीचा फोन लावून पाहिला, तो बंदच. पंधराव्या दिवशी ते पार्सलच्या खिडकीपाशी उभे राहिले. तिथल्या कस्टमच्या साहेबांनी एक पुस्तक उलटंपालटं केलं.

“काका, हे तर कोरं दिसतंय.”

“जुनंच आहे, साहेब. बांधलंय मी.”

“इथे येणारा प्रत्येक जण जुनंच म्हणतो. मी काय वास घेऊन ठरवू?”

पेन्सिल दाखवली, तर साहेब म्हणाले, ती कोणीही ओढेल. मग काकांनी खिशातून कागद सोडवायची पातळ धातूची पट्टी काढली. प्रत्येक बांधणीत पुठ्ठा आणि अस्तराचा कागद यांच्यामध्ये ते तारखेची चिठ्ठी चिकटवत. घरच्यांनाही ते ठाऊक नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपलंच काम उकललं. चिठ्ठी निघाली. तीन वर्षांपूर्वीची तारीख, खाली ‘लेकीसाठी’.

साहेबांनी चिठ्ठी वाचली. मग हळूच म्हणाले, “तुमचं खरं आहे, काका. पण लिहिलेली किंमत बदलायची तर पाठवणाऱ्यानेच. माझ्या हातात नाही. उद्या पार्सल परत जाईल.”

“तिथे आता कोणी राहत नाही, साहेब.”

साहेबांनी उकललेलं पुस्तक काकांपुढे ठेवलं.

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. साधं खाकी कव्हर घातलं असतं, तर आज पुस्तकं घरी असती.

काकांनी डिंकाची बाटली मागितली. साहेबांनी ती पुढे सरकवली. चिठ्ठी जागच्या जागी ठेवून काकांनी अस्तर पुन्हा बसवलं आणि डिंक वाळेपर्यंत तळव्याने दाबून धरलं. चिठ्ठी बसवताना दर वेळी देवाचं नाव आपसूक ओठांवर येई.

आज आलं नाही.