मोहनरावांचा सत्कार

आमच्या थोरल्या जावयाने मी दिलेली एकही टोपी कधी डोक्यावर घातली नाही. दिवाळी असो, अधिक महिना असो, घरात बारसं असो, जावयाचा मान म्हणून टॉवेल-टोपी मी त्यांच्या हातात देत आलो. ते दोन्ही हातांनी घ्यायचे, वाकून पाया पडायचे, आणि अंगणात जाऊन त्याच टॉवेलाने मोटारसायकल पुसायचे. टोपी आरशाला अडकवायचे. मी ओट्यावरून बघत बसायचो. एकदा राहवलं नाही. म्हणालो, "मोहनराव, टोपी डोक्यासाठी असती."

तर म्हणाले, "मामा, माझं डोकं सारखं हलतं. टिकत न्हाई."

हे मात्र खरं होतं. त्या माणसाचं डोकं सारखं हलायचं. जेवताना हलायचं, देवाला हात जोडताना हलायचं. कानात काळ्या वायरी घालून, डोळे मिटून, सासऱ्यासमोर मान हलवत बसलेला जावई मी आमच्या पाहुण्यारावळ्यांत दुसरा पाहिला नाही. जावयाला अरे-तुरे करायची आमच्यात रीत नाही, म्हणून इथेही 'ते' लिहितो. मनात काय म्हणत होतो ते मनात.

मुलगी बघायला आले तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. आमची शोभा पोहे घेऊन आली, तर हे गृहस्थ वर पत्र्याकडे बघत सुपारीच्या तबकावर बोटं वाजवत होते. मला वाटलं, पोरगं लाजरं आहे. जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात वायरमन, नोकरी पक्की, दारू नाही, तंबाखू नाही. मी हो म्हणालो. दारू-तंबाखूपेक्षा वाईट काही असतं हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

त्यांना नाद होता इंग्रजी गाण्याचा, आणि तोही धिंगाण्याच्या गाण्याचा. विलायतेतल्या कुठल्याशा चार-पाच जणांचं ते टोळकं होतं. त्यांच्या कॅसेटी ह्यांनी औरंगाबादेहून आणून आणून कपाट भरलं होतं. त्यांच्या चित्राचे काळे शर्ट, त्यावर माणसाची कवटी. तसला शर्ट घालून ऐन मे महिन्यात हे सासरवाडीला यायचे आणि आमची म्हातारी दारातच मीठ-मोहऱ्या उतरवायची.

"ऐकून तर बघा, मामा." हे त्यांचं नेहमीचं. एकदा मी ऐकलं. पत्र्यावर कोणी पोतंभर खिळे ओतावेत आणि खाली झोपलेल्या माणसाने उठून शिव्या द्याव्यात, तसं ते गाणं होतं. वायर काढून त्यांच्या हातात दिली. "झालं," म्हणालो. ते म्हणाले, "हे सुरुवातीचं होतं, मामा."

दुसरं एक त्यांचं म्हणणं होतं. कशावरूनही निघालं तरी म्हणायचे, "खोटं बोललं की ते पुन्हा ध्यानात ठेवावं लागतं. माझ्या ध्यानात तेवढं राहत न्हाई." मला ते आळशी माणसाचं बोलणं वाटायचं. साधं लग्नाचं जेवण कसं होतं विचारलं तर "भात कच्चा होता" म्हणणारा माणूस चारचौघांत न्यायचा कसा?

तर एके दिवशी शोभा माहेरी आलेली असताना भाकरी थापता थापता म्हणाली, "तात्या, हे दुबईला चाललेत."

मी म्हणालो, "कारखान्याच्या कामाला का?"

तिने भाकरी उलटली. म्हणाली, "आठ दिवसांत येतेत माघारी."

आता माणूस दुबईला कामालाच जातो. आमच्या गावच्या यासीनभाईचा रफीक तिथे गाडी चालवतो, तो कामालाच गेला होता. मी चौथीपलीकडे शिकलो नाही, पण गावात भांडण झालं की ते आधी माझ्या ओट्यावर यायचं आणि मंग पोलिसात. तात्या बोलला म्हणजे खरंच असणार, असं लोक धरून चालायचे. मी ओट्यावर बसून सांगितलं, "आमच्या जावयाला कारखान्यानं मशीन बघायला दुबईला पाठवलं." संध्याकाळपर्यंत गावाने ती मशीन विकतही घेतली होती आणि तिला किती मजूर लागतील त्यावर पारावर वाद सुरू झाला होता.

दुसऱ्या दिवशी सरपंच बप्पासाहेब दारात. म्हणाले, "तात्या, गावचा जावई परदेशात जाऊन येतो म्हणजे सत्कार झालाच पाहिजे." बप्पासाहेबांना सत्काराचा सोस. स्वतःचा नसला तर दुसऱ्याचा, पण माइक हातात पाहिजे. मीही नको म्हणालो नाही. का म्हणावं?

परतूर स्टेशनावर मी बप्पासाहेबांची जीप घेऊन गेलो. गाडीतून मोहनराव उतरले. अंगात तोच कवटीचा शर्ट, पायात रबरी स्लीपर, घसा बसलेला.

"चपला कुठं हायेत?" मी विचारलं.

"मोठ्यानं बोला मामा, एक कान बंद झालाय."

"चपला!"

"गर्दीत गेल्या. ह्या रफीकच्या हायेत."

जीप निघाली. ड्रायव्हर बप्पासाहेबांचा माणूस, म्हणून मी हळूच विचारलं, मशीन कशी आहे. ऐकू गेलं नाही. पुन्हा विचारलं. तेव्हा आख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असे म्हणाले, "कसली मशीन? मी गाणं ऐकायला गेल्तो."

लघवीला लागली असं सांगून मी जीप थांबवली. जावयाच्या दंडाला धरून बाभळीमागे नेलं आणि त्यांच्या चांगल्या कानात सगळं सांगितलं. मांडव पडला आहे. लोक फेटे बांधून बसले आहेत. तात्याचा शब्द आहे. "तुम्ही फक्त हात जोडायचे. आभारी आहे म्हणायचं आन् खाली बसायचं."

त्यांनी स्लीपरातला खडा झटकला. म्हणाले, "मामा, मी होऊन काही बोलणार न्हाई. पण कोणी विचारलं तर खोटं सांगता येणार न्हाई मला."

"कोणी विचारत न्हाई," मी म्हणालो. आमच्याकडच्या सत्कारात कोणी कोणाला काही विचारत नाही, म्हणून तर सत्कार होतात.

चावडीपुढे मांडव होता. जावयाच्या डोक्याला गुलाबी फेटा बांधला, तो लगेच हलायला लागला. शाल पांघरली, नारळ दिला. बप्पासाहेबांनी आधी स्वतःविषयी भाषण केलं, मंग गावाविषयी, आणि जावयाच्या नावाने टाळ्या घेतल्या. झालं होतं सगळं. मी उठलोच होतो. तेवढ्यात बप्पासाहेबांना आणखी थोडं बोलावंसं वाटलं. माइक जावयापुढे धरून म्हणाले, "तर मोहनराव, मशीन कशी काय हाये, जरा गावाला सांगा."

मोहनरावांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं.

"मशीन न्हाई," ते बसक्या घशाने म्हणाले. "मी मोटारसायकल विकून तिकीट काढलं. मला गाणं ऐकायचं होतं. कॉलेजापासून कॅसेटवर ऐकत आल्तो, ते लोक खरोखर असतेत का ते बघायचं होतं."

मांडवात आधी कोणालाच काही कळलं नाही. मंग एकाने विचारलं, "बसायला खुर्च्या होत्या का?"

"न्हाई. दुपारपासून उन्हात उभा होतो. गाणं दिवस मावळल्यावर सुरू झालं."

"किती लोक होते?"

"आपल्या राजूरच्या गणपतीला चतुर्थीला असतेत तसे. पण सगळे काळे शर्ट. माझ्याशेजारी एक पाकिस्तानचा पोरगा होता. त्याच्याजवळचं पाणी आम्ही दोघांनी पुरवून पुरवून पेलं."

"आन् गाणारे? जवान असतील."

"तात्यांच्या वयाचे हायेत."

सगळं गाव माझ्याकडे वळून बघायला लागलं. जसा काही मीच तिथे नाचून आलो होतो.

मागून एक म्हातारा म्हणाला, "बक्षीस किती दिलं? नाव पुकारलं का तुमचं?" आमच्याकडे कव्वाली असो, तमाशा असो, दहाची नोट दिली की गाणारा नाव घेतो, गाव घेतो, कुणाचा जावई तेही सांगतो. त्याशिवाय माणूस पुढे बसेल कशाला?

"बक्षीस देता येत न्हाई तिथं," मोहनराव म्हणाले. "त्यांना आपलं नाव माहीतबी नसतं."

"मंग गेल्ते कशाला?" म्हातारा खरंच कोड्यात पडला होता.

यासीनभाई उठले. "दामादजी, हमारा रफीक भी था ना साथ में? उसको कैसा लगा?"

"चाचा, वो तो बाहर गाडी में सो गया था."

लोक हसायला लागले. मोहनराव इथे थांबले असते तरी निभावलं असतं. पण विचारलेल्याचं पुरतं उत्तर द्यायची खोड. म्हणाले, "शेवटून दुसरं गाणं सुरू झालं आन् मला रडू आलं. त्या पोराच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलो. का ते मला सांगता येत न्हाई."

सत्काराच्या मांडवात, माइकवर, जावई सांगतो की मी परक्या मुलखात परक्या पोराच्या खांद्यावर रडलो. तेही कोणी मेलं नसताना. कोणीतरी ओरडलं, "तात्या, मशीन कुठं उतरवायची?" आणि मंग मांडवाचे बांबू हलले असं हसणं झालं.

मोहनरावांनी फेटा काढला. शालीची नीट घडी करून टेबलावर ठेवली. "हे माझं न्हाई. मी काही करून आलो न्हाई," म्हणाले. नारळ मात्र हातात तसाच होता. बप्पासाहेबांना विचारलं, "हा नेऊ का? शोभाला चटणी आवडते."

त्या दिवसापासून गावाने माझं नाव मशीनवाले ठेवलं. भांडणं माझ्या ओट्याला वळसा घालून थेट पोलिसात जायला लागली. टेबलावरची शाल बप्पासाहेबांनी कोतवालाबरोबर माझ्याकडे पाठवली, वर निरोप, "तुमच्या घरची वस्तू." मी ती ट्रंकेत टाकली. शोभाला म्हणालो, तुला माहीत होतं तर सांगितलं का नाही? ती म्हणाली, "मशीन तुम्ही म्हणले, तात्या. मी न्हाई म्हणले. आन् लग्नापासून ह्या माणसानं मला एक गोष्ट खोटी सांगितली न्हाई. त्यांनी विचारलं जाऊ का, मी म्हणलं जा."

मी जावयाशी बोलणं टाकलं. मान टाकला नाही. ते तसेच येत राहिले, आता बसने. टॉवेल-टोपी मी तोंड न उघडता द्यायचो, ते तोंड न उघडता घ्यायचे. पुसायला मोटारसायकल नव्हती, म्हणून टॉवेलाने माझा रेडिओ पुसायचे आणि टोपी त्यावर ठेवून जायचे.

काही वर्षांनी बप्पासाहेब स्वतः दुबईला जाऊन आले. परदेशातली शेती बघायला, अभ्यासाला. मांडव तिथेच, फेटा जास्त भारी. ते पुष्कळ वेळ बोलले. थेंबाथेंबाने पाणी कसं देतात, वाळूत बाग कशी फुलते. रफीक तेव्हा सुट्टीवर आला होता. तो यासीनभाईच्या अंगणात सगळ्यांना सांगून चुकला होता की बप्पासाहेबांना त्यानेच गाडीत फिरवलं, आणि बाजार सोडून ते कुठे उतरलेच नाहीत. हे सगळ्या गावाला माहीत होतं. सगळं गाव टाळ्या वाजवत होतं.

मी काठी टेकत उठलो. "बप्पा, तिथं पीक कोणतं उभं होतं?"

"सगळीच पिकं होती, तात्या," बप्पासाहेब हसून म्हणाले. पुन्हा टाळ्या. मागून कोणीतरी म्हणालं, "मशीनवाले, बसा खाली."

मी बसलो नाही, घरी आलो. त्या दिवाळीला मोहनराव आले तेव्हा मी त्यांना म्हणालो, "जेवून घ्या." ते मान हलवत जेवायला बसले. त्यापेक्षा जास्त मी काही म्हणालो नाही आणि म्हणायचं कारणही नव्हतं. घरची मोटारसायकल विकून रडायला जाणारा माणूस शहाणा आहे असं मला आजही वाटत नाही. गाणं तर भिकारच होतं.

पुढच्या उन्हाळ्यात जालन्याहून निरोप आला. मोहनरावांच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. सासरवाडीकडून नवं कापड न्यावं लागतं. म्हातारी म्हणाली, परतूरला दुकानावरून घेऊन जा. मी ट्रंक उघडली.

अंघोळ घालून त्यांना अंगणात ठेवलं होतं. मी त्यांच्या अंगावर ती सत्काराची शाल पांघरली. त्यांच्या भावकीतल्या कोणीतरी रीतीप्रमाणे कोरी टोपी त्यांच्या डोक्यावर ठेवली. टोपी बसली. जराही हलली नाही. मी तिच्याकडे बघत उभा राहिलो. मंग वाकून ती काढली आणि खिशात घातली.

"तात्या, हे काय करता?" लोक म्हणाले. "टोपी लागती."

"शाल राहू द्या," मी म्हणालो. "टोपी त्यांच्या डोक्यावर टिकत न्हाई."