वहिनीला घेऊन कॉन्सर्टला

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी एका रॉक बँडच्या पायी वेडी झाले होते. मुंबईची पाच मुलं होती ती. त्यांची एकच कॅसेट निघाली होती आणि ती मी इतकी वाजवली होती की दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यापाशी टेप चुरगळून आवाज पाण्यात बुडाल्यासारखा यायचा. तो बँड नाशिकला येणार, गंगापूर रोडच्या एका मैदानावर वाजवणार, हे कळलं तेव्हा मी कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर ओरडलेच.

आमचा ग्रुप पाच जणांचा. मी सोडून सगळे कॉलेज रोडचे, बंगल्यांमधले. मी नाशिक रोडची, नोटांच्या प्रेसच्या क्वार्टर्समधली. ते त्यांना माहीत होतं, पण मी त्याचा उल्लेख टाळायचे. सिटी बस चुकून उशीर झाला की स्कूटी पंक्चर झाली असं सांगायचे. माझ्याकडे स्कूटी नव्हतीच.

वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वहिनी सोबत येत असेल तर जा. नाहीतर घरी बस."

दादा-वहिनीचं लग्न होऊन चार महिने झाले होते. ती सटाण्याच्या पुढच्या एका खेड्यातली. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी, तरी मला ताई म्हणायची, अहो-जाहो करायची. मी तिला अगं-तुगं करायचे आणि त्यात मला काही वावगं वाटायचं नाही. तिचे वडील शेती करायचे आणि लग्नसराईत गावच्या बँडमध्ये ताशा वाजवायचे. ही दुसरी गोष्ट आमची आई पाहुण्यांना सांगत नसे.

"वहिनी, तू नाही म्हण ना," मी तिला स्वयंपाकघरात गाठून म्हटलं. "तुला कंटाळा येईल. इंग्लिश गाणी असतात."

"मला कुठे कंटाळा येतोय," ती म्हणाली. "चार महिन्यांत मी देवळाशिवाय कुठे गेले नाहीये ताई."

मग मी तिला निदान ड्रेस घाल म्हणून विनवलं. तिच्याकडे एक पंजाबी ड्रेस होता. पण आई म्हणाली, नवी नवरी आहे, साडीच नेस. त्या दिवशी वहिनी मोरपंखी साडी नेसून, हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा, डोक्यात गजरा अशी तयार होऊन बाहेर आली. पिशवीत तिने डबा घेतला होता. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. मी काळा टी-शर्ट घातला होता. बसमध्ये मी तिच्या शेजारी न बसता पुढच्या सीटवर बसले. उन्हाचा बहाणा केला.

मैदानाच्या गेटवर ग्रुप उभा होता. मी त्यांच्याकडे निघाले तेवढ्यात मागे गलका झाला. गेटवरच्या माणसाने वहिनीची पिशवी तपासायला घेतली होती आणि डबा उघडून तो म्हणत होता, "मावशी, जेवायला आल्या का?" रांगेतली पोरं हसली. वहिनीही हसली, तिला वाटलं चौकशीच करतोय. "घ्या ना एक," असं तिने त्याला खरोखरच म्हटलं.

आमच्या ग्रुपमधली एक मैत्रीण होती. तिच्यासारखं बोलावं, तिच्यासारखे केस कापावेत असं मला फार वाटायचं. तिने विचारलं, "ह्या कोण गं? तुझ्यासोबत आहेत?"

"आमच्या कॉलनीतल्या आहेत," मी म्हणाले. "त्यांना बघायचं होतं म्हणून आल्या."

वहिनी तोवर अगदी जवळ आली होती. तिने ऐकलं. मी तिच्याकडे बघितलं नाही, तरी तिने ऐकलं हे मला कळलं. मैत्रिणीने वळून तिला विचारलं, "काकू, तुम्ही हिच्या शेजारी राहता का?"

"हो," वहिनी म्हणाली. "यांच्याच कॉलनीत."

एका क्षणात तिने माझं खोटं सांभाळून घेतलं. मला हायसं वाटलं. लाज नाही वाटली तेव्हा. लाज पुढे आली आणि मग राहायलाच आली.

आत बायकांसाठी एका बाजूला दोरी बांधून जागा ठेवली होती. आधी एक स्थानिक बँड वाजवायला आला. त्यांचा माइक सारखा शिट्टी मारत होता. गिटारची तार तुटली, पोरांनी हुर्यो केली, कोणीतरी पाण्याच्या पिशव्या फेकल्या. धूळ इतकी की दात कचकचत होते. त्या सगळ्याने माझा विरस होत होता, आणि वहिनी मात्र टाचा उंचावून मागे बसलेल्या ड्रमरकडे बघत होती. तिने माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "त्याचा डावा हात बघा ताई. आखडलाय. बाबा म्हणतात, डावा मोकळा नसला की ताल पळतो."

"वहिनी, गप्प बस ना," मी दबक्या आवाजात म्हटलं, कारण मैत्रीण बघत होती.

पुढे मुख्य बँड आला आणि तिथल्या ड्रमरने पहिला ठोका दिला तेव्हा वहिनीने माझं मनगट धरलं. भीतीने नव्हे. तिचा चेहरा उजळला होता. "हा बघा," ती म्हणाली, "हा बघा, हा खरा!" मी वर्षभर ती कॅसेट ऐकत होते, पण त्या बँडमधला ड्रमर चांगला आहे हे मला तोवर कधी जाणवलं नव्हतं. मी गाणाऱ्याच्या केसांकडे बघत होते.

दुसऱ्या गाण्याला मागून रेटा आला. दोरी सुटली, बायकांची जागा उरलीच नाही. आमच्या ग्रुपमधल्या मुलांनी साखळी केली आणि मैत्रीण माझा दंड ओढत ओरडली, "चल, पुढे जाऊ! अगदी स्टेजपाशी!" दुसऱ्या हाताचं मनगट वहिनीने धरलेलंच होतं.

"ताई, सोडू नका मला," ती म्हणाली.

मी हात सोडवून घेतला. गर्दीत सुटला असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत राहिले, पण तो सुटला नाही. मनगट पिळून मी तो सोडवला.

स्टेजपासून चार हातांवर आम्ही पोचलो. मला हवं होतं ते गाणं सुरू झालं. चुरगळलेल्या टेपवरचं, तिसरं. मी मागे वळून पाहिलं. का पाहिलं कोण जाणे. आठ-दहा पोरांनी वहिनीभोवती कडं केलं होतं. टाळ्या वाजवत "काकू! काकू!" असं ओरडत होते. तिने नाचावं असं त्यांना वाटत होतं. एकाने तिचा पदर धरला होता आणि ती दोन्ही हातांनी खांद्यावरची साडी दाबून उभी होती. हसण्याचा प्रयत्न करत होती ती, म्हणजे त्यांनी सोडावं म्हणून. मग तिला मी दिसले.

आमची नजरानजर झाली. तिने मला हाक मारली नाही. मारली असती तरी ऐकू आली नसती, पण तोंड उघडलेलं दिसलं असतं. तिने नुसतं बघितलं. मी मान वळवली आणि स्टेजकडे तोंड करून दोन्ही हात वर केले, सगळ्यांसारखे.

ते गाणं कसं झालं मला सांगता येत नाही. मी त्यातली एकही ओळ ऐकली नाही.

गाणं संपल्यावर मी वळले तर कडं मोडलं होतं आणि वहिनी तिथे नव्हती. तेव्हा मी घाबरले. ग्रुपला काही न सांगता गर्दीतून वाट काढत मागे आले. पाण्याच्या टँकरपाशी बघितलं, सायकल स्टँडपाशी बघितलं. मैदानाच्या फाटकाजवळ एक पोलीस बाई खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर वहिनी. एका पायात चप्पल नव्हती. साडी खांद्यावर फाटली होती, तिथे पोलीस बाईंनी स्वतःची पिन लावून दिली होती. चुडा फुटून मनगटाला काचा लागल्या होत्या, त्यावर रुमाल बांधला होता.

"कोण पाहिजे?" पोलीस बाईंनी मला विचारलं.

"ह्या... माझी वहिनी आहे."

त्यांनी मला काळ्या टी-शर्टापासून बुटांपर्यंत न्याहाळलं. "मी विचारलं हिला, सोबत कोण आहे. तर म्हणते, मी एकलीच शे." घाबरली की वहिनीच्या तोंडून माहेरची बोली निघायची. "आणि तू आत्ता येतेस होय?"

वहिनी उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "चला ताई. बस मिळेल अजून."

आम्ही नाशिक रोडच्या बसमध्ये चढलो. या वेळी मी तिच्या शेजारी बसले होते. तिने पाय सीटखाली ओढून घेतला होता, चप्पल नसलेला. मग तिने विचारलं, "तुमचं ते गाणं झालं का? ते तिसरं?"

"झालं," मी म्हणाले.

घरी आईने दार उघडलं. वहिनीने सांगितलं, "बसमधून उतरताना पडले. चप्पल तिथेच राहिली." आई तिला वेंधळी म्हणाली, नव्या साडीवरून बोलली. वहिनीने ऐकून घेतलं. मी आतल्या खोलीत जाऊन टी-शर्ट बदलत होते. बाहेर येऊन एक वाक्य बोलले असते तर आईचं बोलणं थांबलं असतं. मी हळू हळू कपडे बदलत राहिले.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये त्याच कॉन्सर्टच्या चर्चा. एकाला तो आयुष्यातला सगळ्यात भारी दिवस वाटला होता. दुसरा म्हणाला, कॅसेटच बरी होती, आवाज नुसता फाटत होता. एकाचं पाकीट गेलं होतं. मैत्रीण म्हणाली, "पण त्या तुझ्या काकू! पोरांनी काय धमाल केली त्यांची. तू बघितलंस का?"

"बघितलं ना," मी म्हणाले, आणि हसले. कोणी जबरदस्ती केली नव्हती. हसण्याची गरजही नव्हती.

पुढच्या दिवाळीपर्यंत तो ग्रुप आपोआप पांगला. मैत्रीण पुण्याला गेली, मुलं इंजिनिअरिंगला. ज्यांच्यासाठी मी तो हात सोडवला त्यांच्यापैकी एकाचाही पत्ता आज माझ्याकडे नाही. वहिनी मात्र घरातच होती. रोज सकाळी चहा द्यायची, परीक्षेच्या दिवसांत दशम्या करून द्यायची. ती माझ्याशी वाईट वागली असती तर मला सोपं गेलं असतं. मी मनात असं धरून चालले होते की तिने मला वाचवलं, मला पाठीशी घातलं, म्हणजे तिने मला माफ केलं असणार. या समजुतीवर मी सात वर्षं काढली.

माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी वहिनी माझ्या हातावर मेंदी काढत होती. खोलीत आम्ही दोघीच होतो. मी म्हणाले, "वहिनी, त्या कॉन्सर्टच्या दिवशी मी तुला बघितलं होतं. त्या पोरांमध्ये."

"माहितीये," ती म्हणाली. मेंदीचा कोन थांबला नाही. "मीपण तुम्हाला बघितलं."

"तू आईला सांगितलं नाहीस. मला वाचवलंस."

तेव्हा तिने मान वर केली. "तुम्हाला नाही वाचवलं ताई. सांगितलं असतं तर आईंनी मला पुन्हा घराबाहेर पडू दिलं नसतं. सासरी येऊन चार महिने झालेल्या बाईने काय सांगायचं असतं, पोरांनी पदर ओढला म्हणून? मीच का गेले असं विचारलं असतं."

मी माफ कर म्हणाले. ते शब्द इतके लहान वाटले की पुन्हा म्हणाले.

"राग होता," ती म्हणाली. "दोन वर्षं फार होता. तुम्ही समोर आलात की यायचा. आता येत नाही रोज." मग तिने विचारलं, "तुम्हाला वाटलं, कोणालाच माहीत नाही?"

"कोणाला माहितीये?"

"ह्यांना. त्याच आठवड्यात सांगितलं होतं मी."

म्हणजे दादाला. सात वर्षं दादाला माहीत होतं. त्या सुमारास तो माझ्याशी कमी बोलायला लागला होता. मी समजायचे, सातपूरच्या कारखान्यातल्या शिफ्टचा शीण असेल. माझ्या पहिल्या नोकरीचे पेढे त्याने हातात घेतले आणि तसेच ताटात ठेवले, तेव्हा मी म्हटलं होतं, त्याला गोड आवडत नाही. मी एकटीच एक गुपित सांभाळत बसले होते, आणि ज्यांच्यापासून लपवत होते ती दोघं भिंतीपलीकडच्या खोलीत सगळं जाणून राहत होती. मैदानावरची पोरं, ती मैत्रीण, कोणीही माझी इतकी शोभा केली नव्हती जितकी मी स्वतःच्या घरात करून घेतली होती.

"हलवू नका, पुसेल," वहिनी म्हणाली आणि दुसरा हात पुढे ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी लाजाहोमाच्या वेळी गुरुजींनी नवरीच्या भावाला बोलावलं. दादा नवा सदरा घालून आला आणि माझ्याजवळ उभा राहिला. गुरुजी सांगतील तशा तो माझ्या ओंजळीत लाह्या घालत होता. मला त्याचे हात दिसत होते, यंत्रावर काम करून नखांत काळे झालेले. त्याच्या चेहऱ्याकडे बघायला मी धजावले नाही. पलीकडे बायकांमध्ये वहिनी उभी होती, तिच्याकडेही नाही.

"सांडतायत," दादा हळूच म्हणाला. "ओंजळ घट्ट धर."

मी घट्ट धरली, आणि त्याने आणखी एक मूठ घातली.