सदानंदचं कलम

सदानंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी दिल्लीत, द्वारका भागातल्या माझ्या घरी चहा घेत होतो. नलूवहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले..." आणि मला आधी आठवलं ते आमचं भांडण.

केंद्र सरकारात गाड्यांच्या नियमावलीच्या कामात नोकरी काढलेला हा माझा मित्र निवृत्तीनंतर मयूर विहारहून नोएडापलीकडच्या ट्रॅकवर जायचा. तिथल्या सहा तासांच्या मोटारशर्यतीचे नियम तोच करी. एका वर्षी एक मोठी कंपनी आली. वरच्या गटात तीन गाड्या आणतो म्हणाली, पण आमच्या हलक्या गाड्यांना किमान वजनाच्या नियमातून मुभा द्या, नाहीतर येत नाही. समिती लगेच विरघळली. मीही त्याच गटात उतरायचो; माझी गॅरेजात बांधलेली गाडी त्यांच्यापुढे कुठली टिकायला? सदानंद म्हणाला, "परदेशात हेच झालं. कंपन्यांसाठी नियम वाकवले, त्या चार दिवस मिरवून निघून गेल्या, गट ओस पडला. फिर क्या, आपण ट्रॅक झाडत बसायचं?" त्यानं हलक्या गाड्या येऊ दिल्या, पण एक कलम घातलं: सरावात जी गाडी सगळ्यांत वेगवान ठरेल, तिच्यात शिसं बसवून वजन वाढवायचं. कंपनीनं डोळे वटारले, हा ढिम्म. मी त्याला डोक्यावर घेऊन नाचायचंच बाकी होतं.

आणि सरावात, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, नेमकी माझीच गाडी पहिली आली. सदानंद स्वतः शिसं घेऊन हजर. "चाळीस किलो."

"सदा, यार, हे कलम तू आमच्यासाठी केलंस ना?"

"तुझ्यासाठी केलं असतं, तर मग कंपनीनं काय वाईट मागितलं होतं?"

शर्यतीत आम्ही चौथे आलो. वर्षभर मी त्याच्याशी बोललो नाही. मूर्ख होतो, दुसरं काय! कंपनी दुसऱ्याच हंगामानंतर निघून गेली. गट मात्र टिकला, कारण त्याच्या नियमावर सगळ्यांचा विश्वास होता. शेवटी मीच मान खाली घालून मयूर विहारला गेलो. त्यानं फक्त विचारलं, "साखर किती?"

आता त्याच्या जागी समितीनं मला बसवलंय. नवी कंपनी आली आहे आणि तिला हे कलम नकोय. परवा सरावात पहिली आली माझ्या मुलीची गाडी. कंपनीचा माणूस जवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, कलम हटा दीजिए, आपका भी फायदा है।" खरं सांगतो, क्षणभर मोह झाला... मग मी शिसं उचललं आणि मुलीकडे चालू लागलो. ती माझ्याशी बोलेनाशी झाली आहे. सदा असता तर विचारलं असतं, ते वर्ष तू कसं काढलंस रे?