लाल पेन्सिलीतला खुनी

आता तुमच्यापासून काय लपवायचं! कप तेवढा खाली ठेवा, नाहीतर मधेच हसायला येईल आणि चहा सदऱ्यावर सांडेल. हसा, हसा, मी काही म्हणणार नाही. मी त्याच लायकीचा आहे.

पिंपरीत भराभर नवे कारखाने उभे राहत होते, त्या दिवसांतली गोष्ट. मी तिथल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत ड्राफ्ट्समन होतो. म्हणजे पगारापुरता ड्राफ्ट्समन. मनातून मी गुप्तहेर होतो, गुप्तहेर!

रहस्यकथा आणि खुनाचे इंग्रजी सिनेमे, या दोन विषयांत माझ्याइतका अधिकारी माणूस दापोडीपासून चाकणपर्यंत सापडायचा नाही, असं एका माणसाचं ठाम मत होतं. तो माणूस मीच. रविवारी पहाटे उठून सायकल मारत पुण्याला जायचो, मॉर्निंग शोला. एक खुनाचा सिनेमा तर सात वेळा पाहिला. थिएटरात आम्ही चौघेच असायचो, त्यातले दोघे झोपलेले. पण मला त्याचाही तोरा! ज्याला गर्दी जमते तो सिनेमा कसला?

आणि बाकीच्या जगाबद्दल मला काय वाटायचं? कीव. गाण्यांसाठी सिनेमाला जाणारे बावळट. प्रेमाच्या कादंबऱ्या वाचणारे रडके. अंक हातात आला की आधी राशिभविष्य उघडणारे तर... जाऊ द्या, आज तोंड खराब नको.

तर आमच्या कँटीनला लागून कामगारांची लायब्ररी होती. लायब्ररी म्हणजे दोन लोखंडी कपाटं, आणि त्यांच्या किल्ल्या टाइमकीपर महाजनांच्या कमरेला. जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास उघडायची. एकदा लायब्ररीच्या कमिटीनं रहस्यकथांचा मोठा गठ्ठा आणला. मी हावऱ्यासारखं पहिलं पुस्तक घरी नेलं, दार लावून घेतलं, पान उघडलं, आणि तिसऱ्या पानाच्या समासात काय दिसावं?

लाल पेन्सिलीनं लिहिलेलं: ‘खुनी – डॉक्टर’.

अहो, अंगाचा तिळपापड झाला! खुनी कळल्यावर रहस्यकथेत उरतं काय? पुस्तक मिटलं आणि भिरकावलं. पुढच्या आठवड्यात दुसरं आणलं. तिसरं पान. ‘खुनी – मामेभाऊ’. तिसरं पुस्तक, पुन्हा तिसरं पान. ‘खुनी – माळी’.

असं पाच महिने चाललं. मी एकही पुस्तक तिसऱ्या पानापलीकडे वाचलं नाही.

आता इथे माझा खरा नीचपणा सुरू होतो, नीट ऐका. कंपनीत माझं नाव होतं ना! कँटीनमध्ये डबा उघडला की फोरमन भोसले विचारायचे, “काय लिमये, झालं का नवं पुस्तक वाचून?” आता यांना काय सांगणार, की कुणीतरी लाल पेन्सिलीनं माझी वाट लावली? छे! मी सावकाश पाणी प्यायचो. मग म्हणायचो, “वाचायचं काय त्यात? दहाव्या पानावरच ओळखलं मी. डॉक्टर!”

“कशावरून हो?” आमच्या टायपिस्ट पेडणेकरबाई विचारायच्या. मूळच्या मालवणकडच्या, बोलण्यात धार.

मग मी सुटायचो. डॉक्टरनं इंजेक्शन कसं बदललं, चोरपावलांनी जिना कसा उतरला, हातमोजे कुठे पुरले, सगळं मनानंच रचून सांगायचो. मंडळी हातातला घास हातात ठेवून ऐकायची. पेडणेकरबाई तर तोंडाला रुमाल लावून बसायच्या. मला वाटायचं, काय हा आदर!

पण तो लाल पेन्सिलवाला माझ्या डोक्यातून जाईना. मी तपास सुरू केला. पानांच्या कडांना काळे डाग होते. बोटावर घेऊन पाहिलं, तर बारीक काळी माती. म्हणजे फाउंड्रीतली, ओतकामाच्या साच्यांची! मग पुस्तकांच्या शेवटी असलेली नावांची चिठ्ठी तपासली. प्रत्येक पुस्तकावर माझ्या नावाच्या वर एकच नाव. दगडू नखाते.

या नखात्यांना मी ओळखत होतो. रहाटणीचे शेतकरी, फाउंड्रीत साचे भरायचे. पन्नाशीचे, डोक्याला मुंडासं, भोंगा व्हायच्या आधीच लायब्ररीच्या दाराशी उभे. मी मनाशी म्हटलं, हा माणूस रहस्यकथा वाचतो? कुणाला, बैलांना वाचून दाखवतो की काय? असं म्हटलं मी, आणि माझ्या विनोदावर मीच हसलो. किती हलकट होतो बघा!

नुसती तक्रार केली असती तर काम भागलं असतं. पण सात वेळा सिनेमा पाहिलेला माणूस मी! त्या सिनेमात शेवटी गुप्तहेर सगळ्यांना एका दिवाणखान्यात गोळा करतो आणि फेऱ्या मारत गुन्हेगाराचं नाव सांगतो. मला तसंच करायचं होतं. दिवाणखाना नव्हता, कँटीन होतं.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मी बाकावर थाप मारली. “मंडळी, कुणीही जागेवरून उठायचं नाही!”

“का? ताक संपलं का?” भोसले म्हणाले.

मी लक्ष दिलं नाही. हात मागे बांधून टेबलांमधून फेऱ्या मारू लागलो. “आपल्यात एक गुन्हेगार बसला आहे. तो आत्ता भाकरी खातो आहे!” सगळेच भाकरी खात होते. सगळ्यांनी हात आखडले. मी काळी माती सांगितली, नावांची चिठ्ठी सांगितली, आणि गर्रकन वळून बोट रोखलं. “दगडू नखाते! उभे राहा! पुस्तकांत खुन्याची नावं कोण लिहितं?”

नखाते भाकरीचा तुकडा हातात घेऊन उभे राहिले. “म्याच लिवतो की.”

झालं! सिनेमात गुन्हेगार नाही म्हणतो, पळतो, निदान खिडकीतून उडी तरी मारतो. हा लगेच कबूल!

“ऐकलंत महाजन? यांचं लायब्ररीचं कार्ड आजच्या आज रद्द करा!”

कार्ड म्हटल्यावर मात्र नखात्यांचा चेहरा उतरला. “सायेब, तेवढं करू नगा. घरी जेवणं झाली की मी वाचतो आन् कारभारीण ऐकती. तिला लिवता-वाचता येत न्हाई, पर लई नाद लागलाय. तिसरं पान झालं की ती म्हणती, ‘थांबा, मी वळखते!’ आन् नाव सांगती. ते मी लिवून ठिवतो. मंग शेवटाला बघायचं, जुळलं का.”

महाजन चष्म्यावरून बघत म्हणाले, “आणि जुळतं का?”

“कुठलं! पाच म्हैन्यात एक बी न्हाई जुळलं.”

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. “एकही नाही म्हणजे?”

“म्हंजी समदी चुकली. तिला तर पुस्तकात जो पयला बोलंल त्योच खुनी वाटतो.”

 मग पेडणेकरबाईंच्या रुमालाआडून जो स्फोट झाला, तो फाउंड्रीपर्यंत ऐकू गेला असेल.

“ओ लिमये, तो तुमचो डॉक्टर!” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “इंजेक्शन बदलून जिन्यानं उतरलेला! अहो, तो चाळिसाव्या पानावर मरतो! त्याचाच तर दुसरा खून होतो!”

“आणि माळी?” मी कसंबसं विचारलं.

“तो आंधळा असतो,” भोसले म्हणाले. “तुम्ही त्याला दुर्बिणीतून बघायला लावलं होतं.”

“तुम्हाला... सगळ्यांना माहीत होतं?”

“अहो राव, तुमच्यानंतर पुस्तकं आम्हीच नेतो ना! तिसऱ्या पानावरचं लाल नाव आम्हालाही दिसतं, आणि शेवटचं पानही. पहिल्याच पुस्तकाला कळलं, की गड्यानं तिसऱ्या पानापुढे मजल मारलेली नाही.”

“मग पाच महिने सांगितलं का नाहीत?”

भोसले शांतपणे म्हणाले, “तुम्ही इतकं रंगवून सांगायचात. असली करमणूक कुठल्या थिएटरात मिळते?”

मी खाली बसलो. रहाटणीच्या एका न शिकलेल्या बाईचे चुकलेले अंदाज मी पाच महिने स्वतःची अक्कल म्हणून खपवत होतो! महाजनांनी तिथल्या तिथे निकाल दिला, नखात्यांनी नावं रबरानं खोडावीत आणि कार्ड चालू राहावं. माझ्या कार्डाचं काय करावं, हा प्रश्न कुणीतरी मागून विचारला. आवाज ओळखायची माझी इच्छा नव्हती.

सोमवारी नखाते स्वतःच माझ्याजवळ आले. भला माणूस! म्हणाले, “सायेब, वाईट वाटून घिऊ नगा. नवं पुस्तक आमच्याकडं हाय. आता लिवत न्हाई, तुमाला तोंडी सांगतो. कारभारीण म्हणती पोलीसपाटील. ती कायम चुकती. तवा त्येला सोडून बाकीच्यांवर नजर ठिवा.”

काय सुंदर तर्कशास्त्र! मी तुम्हाला विचारतो, शहाण्या माणसानं काय केलं असतं? पुस्तकाची वाट पाहिली असती. शेवटपर्यंत वाचलं असतं. मी काय केलं? पुस्तकाचं मुखपृष्ठही न बघता त्याच दुपारी बाकावर उभा राहिलो आणि कँटीनभर जाहीर केलं, “नव्या पुस्तकात कुणीही खुनी असू दे, पोलीसपाटील असणं शक्यच नाही! असला तर मी रहस्यकथेला पुन्हा हात लावणार नाही!”

शनिवारी नखाते भला मोठा पुडा घेऊन आले. कारभारणीचा अंदाज पहिल्यांदाच बरोबर आला होता. त्यांनी कँटीनभर पेढे वाटले, प्रत्येकाला एकेक.

मला दोन दिले.