निरोगी माणसाचं परमिट

माझ्या सगळ्या प्रॅक्टिसमध्ये ओव्हरसियरांइतका धडधाकट पेशंट मला दुसरा मिळाला नाही. आणि त्या माणसात काहीतरी आजार निघावा म्हणून मी जेवढी खटपट केली, तेवढी कुणाला बरं करण्यासाठीही केली नसेल. ते बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते, म्हणून सगळी धरमपेठ त्यांना ओव्हरसियर म्हणे. पोस्टमन म्हणे, भाजीवाली म्हणे आणि चारचौघांत त्यांची बायकोसुद्धा म्हणे.

साठच्या दशकातली गोष्ट. नागपूरच्या धंतोलीत माझा दवाखाना नवा होता. म्हणजे बोर्ड नवा, बाक नवा आणि पेशंट कुणी नाही. अशा एका सकाळी हे गृहस्थ आले. छाती पुढे, पोट आत, पायात कॅनव्हासचे बूट. बसता बसता म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मी आजारी आहो असं लिहून पाहिजे."

तेव्हा आपल्याकडे दारूबंदी होती. चाळिशी उलटलेल्या माणसाला प्रकृतीसाठी गरज आहे असं डॉक्टरनं लिहून दिलं, तर परमिट मिळे आणि महिन्याला ठरावीक बाटल्या राजरोस घेता येत. चाळिशी आली की लोक हळहळतात. हा माणूस तिची वाट पाहत बसला होता. बंदी यायच्या आधी कामठीला छावणीच्या बांधकामावर असताना एका म्हाताऱ्या साहेबानं त्यांना बियरची चव लावून दिली होती. बंदी आली त्या दिवसापासून त्यांनी थेंब घेतला नव्हता. घरापासून हाकेच्या अंतरावर हातभट्टी मिळायची, तिकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. प्यायची ती कायद्यानं, आणि प्यायची ती फक्त बियर, रविवारी दुपारी एक बाटली.

मी तपासलं. नाडी अठ्ठावन्न, प्रेशर कॉलेजातल्या पोराचं, छाती स्वच्छ. म्हटलं, तुम्हाला काहीही झालेलं नाही. त्यांचा चेहरा पडला. "नीट पाहा ना जी. चाळिशी उलटलेलं शरीर आहे, काहीतरी तर निघंन." मी तेव्हा फार तत्त्वाचा होतो. पोट भरलेलं नसताना तत्त्वं फार कडक असतात. खोटं लिहिणार नाही म्हणून सांगितलं, तर त्यांनी उठून माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, खोटं नकोच, खरं काय ते पाहायला रविवारी मैदानावर या.

धरमपेठेतल्या त्या मैदानावर रोज सकाळी साडेपाचला चाळिशीपुढची पंधरा-वीस मंडळी आट्यापाट्या खेळत. जमिनीवर आडव्या पाट्या आखायच्या, एकेका पाटीवर समोरच्या पक्षाचा एकेक गडी हात पसरून उभा, आणि आपण त्याला हुलकावणी देत सगळ्या पाट्या ओलांडून जायचं आणि परत यायचं. कारकून, वकील, किराणेवाले, सगळे ढेरपोटे धापा टाकत होते आणि ओव्हरसियर मात्र डावीकडे पाहत उजवीकडून निसटत होते. आयुष्यात या माणसानं कुणाला फसवलं असेल तर ते पाटीवरच. मलाही उतरवलं. मी एकोणतीस वर्षांचा, दुसऱ्याच पाटीवर पाय मुरगळून बसलो. त्यांनी खिशातून पट्टी काढून माझा घोटा बांधला आणि मला पेशंटसारखं धरून घरी नेलं.

तिथं, बाटली मिळायच्या आधीच ठरवून ठेवलेले त्यांचे नियम कळले. पहिला नियम घामाचा. सकाळी घाम काढला नसेल तर दुपारी बाटली नाही. दुसरा नियम टेपचा. शनिवारी संध्याकाळी कंबर मोजायची; चौतीस इंचांच्या वर गेली तर त्या रविवारी बाटली बंद. पुढे परमिट मिळाल्यावर एका दिवाळीत पाव इंच जास्त भरली, तर हा बाबा रविवारी सकाळपासून मैदानाला चकरा मारत राहिला, मधूनमधून खिशातला टेप काढून मोजायचा आणि पुन्हा पळायचा. बाराच्या सुमारास चौतीसवर आला तेव्हा मोजायला उभ्या राहिलेल्या वकिलांना घेरी आली होती.

बियर जवाची बनते; जव म्हणजे काय, त्याला मोड कसे आणतात, मग ते वाळवून किती तांबूस भाजायचे, हे सगळं त्यांना कामठीच्या त्या साहेबाकडून ठाऊक होतं. हिवाळ्यात ते स्वतः जव भिजवत, मोड आणत, वाळवत, तव्यावर भाजत, डोळे मिटून वास घेत आणि थांबत. "याच्यापुढं कायदा आहे," म्हणत. बायकोला समजावत, मटकीले मोड आणून तू उसळ करते, तसंच आहे हे, यात पाप काहून? त्यांच्या बायकोला आम्ही सगळे काकू म्हणायचो. एकदा काकूंनी ते मोड आलेले जव भाजायच्या आधीच फोडणीला टाकले आणि जेवताना वाढले. ओव्हरसियरांनी मुकाट्यानं खाल्ले.

असा माणूस. मी रात्रभर विचार करून सर्टिफिकेट लिहिलं, आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं: 'सदर इसमाची प्रकृती उत्तम असून ती तशीच राहणे आवश्यक आहे. त्यासाठी आठवड्यास एक बाटली बियर देण्यास हरकत नाही.' कचेरीत ते कुणी वाचलंच नसावं. आठ दिवसांत परमिट हातात आलं. स्वतःच्या हुशारीवर मी बेहद्द खूश झालो.

मग रविवारचा सोहळा सुरू झाला. मे महिन्यात नागपूरच्या घरात बसणं काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. त्यांच्या बैठकीच्या खिडकीला वाळ्याचा पडदा होता, त्यावर पाणी मारलं की तेवढ्या एका कोपऱ्यात जीव गार व्हायचा. तो कोपरा बाटलीचा. ओल्या पंच्यात गुंडाळलेली बाटली पडद्यापाशी स्टुलावर, आणि आम्ही पाहुणे भिंतीशी घामाघूम. पेला ते स्वतः सोड्यानं धूत, तेलाचं बोट लागलं की फेस बसतो म्हणून घरात कुणाला हात लावू देत नसत. पेला तिरपा करून सावकाश ओतायचं, शेवटी सरळ करायचा, वर दोन बोटं फेस. मग एक मिनिट नुसतं पाहायचं. नवा स्लॅब टाकून झाल्यावर पाहत असतील तसं. सोबत भाजलेले फुटाणे. पाऊण तास एक पेला चाले आणि त्या पाऊण तासात त्या घरात सगळ्यांना सगळं माफ असे.

हे चार वर्षं चाललं. मग आमच्या मैदानावर चाळिशीवरच्यांचे सामने भरले. फायनलला शहरातल्या महाल भागातली टीम आली, आणि तिच्यात एक गडी परमिटच्या कचेरीत कारकून होता. खेळ सुरू व्हायच्या आधी त्यानं पंचांकडे हरकत घेतली: हा खेळाडू सरकारी कागदावर आजारी आहे, उद्या पाटीवर कोसळला तर जबाबदार कोण? पंचांनी ओव्हरसियरांना विचारलं. मी लांबून हातानं, डोळ्यांनी खुणावत होतो, की बाबा, आज बाहेर बस. कारण माझं सर्टिफिकेट वाचलं तर खेळायला मिळेल, पण परमिट जाईल. आणि नाही वाचलं तर परमिट राहील, पण खेळायचं नाही. ते त्यांनाही समजलं होतं. एवढ्या वर्षांत मी त्यांना खेळ सुरू व्हायच्या आधीच कपाळ पुसताना पहिल्यांदा पाहिलं.

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून सर्टिफिकेटची नक्कल काढली आणि 'प्रकृती उत्तम असून' हे शब्द सगळ्या मैदानाला ऐकू जातील असे वाचले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते खेळले, सगळ्या पाट्या पार करून परत आले, त्या कारकुनाला तर दोनदा चकवलं, आणि आम्ही जिंकलो. आठवड्याभरात अर्जदार निरोगी असल्याच्या कारणावरून परमिट रद्द झाल्याचं पत्र आलं. कारकुनाचंही काय चुकलं? त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

मला फार वाईट वाटलं. माझ्याच शहाणपणानं या माणसाचा रविवार बुडाला होता. तत्त्वं गुंडाळून ठेवून मी त्यांच्याकडे गेलो आणि म्हटलं, नवा अर्ज करा, मी झोप न येण्याचा विकार लिहून देतो. ते रागावले नाहीत, पण मला त्यांनी बसायलाही सांगितलं नाही. म्हणाले, "पाटीवर हुलकावणी देतो मी, डॉक्टर. कागदावर नाही देत."

महिन्याभरानं काकू दवाखान्यात आल्या. नऊवारी नेसणाऱ्या, ठेंगण्या, बोलायला मोजक्या. बसल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, ह्यायले एखादा आजार लावून द्या ना जी. लहानसाच." मग सगळं बाहेर आलं. रविवारी खेळून येतात, अंघोळ करतात, पेला धुतात, रिकामा पेला समोर ठेवून बसतात आणि उठून घराची तपासणी सुरू करतात. पापड ओळीत वाळत नाहीत, वरणाची पातळी गेल्या रविवारपेक्षा खाली आहे. परवा तर टेप आणून पोळ्या मोजल्या. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, जेवताना एक शब्द बोलत नाहीत.

हे सांगता सांगता त्यांचा चेहरा लाल झाला होता, म्हणून मी प्रेशर पाहिलं. एकशे साठ. वय विचारलं, तर बेचाळीस. मी गोळ्या लिहायला घेतल्या, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "परमिट बायकायले पन देतात का जी?"

मी फॉर्म काढून वाचला. त्यात कुठंही बाईला मनाई नव्हती. या वेळी माझं सर्टिफिकेट चोख होतं: रक्तदाब वाढलेला, मुख्यत्वे रविवारी. काकू डोक्यावरून पदर घेऊन त्याच कचेरीत गेल्या. त्याच कारकुनासमोर उभ्या राहिल्या. त्या बाईंना काही विचारायची त्याची छाती झाली नाही.

पुढच्या रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला होतो. काकूंनी भाजीच्या थैलीतून, मेथीच्या जुडीखालून बाटली काढली आणि नवऱ्यापुढं ठेवली. ओव्हरसियरांचे डोळे चमकले. मग त्यांनी परमिट मागून घेतलं, चष्मा लावला आणि वाचलं. बराच वेळ वाचलं. "हे तुह्या नावाचं आहे," ते म्हणाले. "मले हात लावता येत नाही."

"मंग कोन पिईन?"

"तूच. पन आधी घाम काढा लागते."

मे महिना होता. काकू पहाटेपासून शेगडीपुढं होत्या, तीसेक पोळ्या लाटून उठल्या होत्या. त्यांनी पदरानं कपाळ आणि मान पुसली आणि तो ओलाचिंब पदर पिळून नवऱ्याच्या पायाशी फरशीवर थेंब पाडले. "हा कशाचा आहे?" एवढंच विचारलं.

इतक्या वर्षांत ओव्हरसियरांनी कंबर मोजली, मैदान मोजलं, पोळ्यासुद्धा मोजल्या, पण हे मोजायचं राहून गेलं होतं, ते त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. ते उठले, पेला धुतला, बायकोला धरून वाळ्याच्या पडद्यापाशी बसवलं आणि पेला तिरपा करून सावकाश ओतलं. दोन बोटं फेस. मग स्वतः उभे राहिले. काकूंनी घोट घेतला, डोळे गच्च मिटले, म्हणाल्या, कडू आहे. थोड्या वेळानं म्हणाल्या, पण गार आहे.

त्यानंतर रविवारच्या पोळ्या ओव्हरसियर लाटू लागले, त्याही अगदी गोल. मग काकूंनी घाम कुठून काढायचा, म्हणून त्यांना मैदानावर आणलं. नऊवारी आणि कॅनव्हासचे बूट घालून काकू सहा चकरा मारत. महिन्याभरात गल्लीतल्या आणखी चार बायका आल्या, त्यांनी रिंग खेळायला घेतली, आणि आमच्या ढेरपोट्यांना लाजेखातर खाडे करता येईनात. वर्षभरात काकूंचं प्रेशर उतरलं आणि मी पुन्हा त्याच खड्ड्यात पडलो. नव्या वर्षाचं सर्टिफिकेट कसं देऊ म्हणताच यंत्रातला पारा परत चढला. मी तेवढ्यात आकडा लिहून पट्टा गुंडाळून ठेवला.

असं तीन वर्षं चाललं. ओव्हरसियर ओतायचे, काकू प्यायच्या, आणि ते समोर बसून पन्ह्याचे घोट घेत विचारायचे, जव जास्त भाजल्यासारखा लागते का? त्यांनी एक थेंब जिभेवर घेतला नाही. बायकोला आवडते म्हणून आपण सोडली, याचा त्यांना केवढा अभिमान होता. मला बाजूला घेऊन सांगायचे, "तिले गोडी लागली गा डॉक्टर. आता तिच्या तोंडची काढू कशी?" पुढे कायदा सैल झाला, कागदाची भानगड उरली नाही, तेव्हा कुठं त्या घरात दुसरा पेला आला.

निवृत्तीनंतरही ते खेळत राहिले आणि एका हिवाळ्यात, चार दिवसांच्या तापात, गेले. मला त्यांच्यात पहिल्यांदा आजार सापडला आणि त्याच्यावर माझं काही चाललं नाही. हे मी अजून विसरलेलो नाही.

दोन-तीन महिन्यांनी काकूंना भेटायला गेलो. काही आणायचं सुचेना, म्हणून एक बाटली घेऊन गेलो होतो. त्यांनी ती पाहिली आणि हसल्या, आणि बाजूला सारली. "नको जी. मले ते कधीच आवडलं नाही. पह्यल्या घोटापासून नाही."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो. एवढी वर्षं?

"एवढी वर्षं औषध पेल्यासारखं पेली मी. न पेऊन कसं चाललं असतं? मी पेली नसती, तर त्यायनं ओतली नसती. ओतताना त्यायचं तोंड तुमी पाह्यलं नाही का?" मग थोडं थांबून, अगदी काळजीनं विचारलं, "तुमचं ते माह्या नावाचं सर्टिफिकेट खोटं झालं काय जी?"

मी नाही म्हणालो. म्हटलं, काकू, आयुष्यात हजारो लिहिली, तेवढं एक अगदी खरं होतं.