सर्टिफिकेट मागणारा माणूस

समोर काहीही ठेवलं की सर उजवा हात पुढे करायचे, तळवा वर, आणि विचारायचे, "सर्टिफिकेट कुठंय?"

काहीही म्हणजे काहीही. पोलादाचा माल आला की विचारायचे, ते ठीक होतं, ते त्यांचं कामच होतं. चाकणच्या आमच्या कंपनीत गिअर बनतात आणि सर क्वालिटीचे प्रमुख होते. पोलादात काय काय किती आहे याचा कागद सोबत नसेल, तर ट्रक गेटबाहेर. पण मुलगी झाली म्हणून कुणी पेढे आणले तरी हात पुढे. "सर्टिफिकेट कुठंय? खवा कुठला?" आणणारा हसायचा, आम्ही हसायचो, सर हसायचे नाहीत. पेढा हुंगायचे आणि मग खायचे. बहुतेक वेळा दोन खायचे.

हे लिहायला बसले तेव्हा ठरवलं होतं, या माणसाला आज अरे-तुरे करायचं. जमत नाही. अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, जीभ वळत नाही. राग मात्र जसाच्या तसा आहे. त्याला काही मी 'अहो-जाहो' करणार नाही.

महिनाअखेर आली की प्लँटचे साहेब क्वालिटी रूममध्ये यायचे. माल थोडासा मापाबाहेर गेलेला, गाडी उभी, वरून फोन. "सर, सही करून टाका ना. केसाएवढासुद्धा फरक नाही. गिऱ्हाईक काय मायक्रोमीटर घेऊन बसलंय का?"

"गिऱ्हाईक नसेल," सर म्हणायचे. "मी बसलोय."

आणि सही व्हायची नाही. मी तेव्हा नवीन होते. वाटायचं, आपल्याला मोठं झाल्यावर असं व्हायचंय. मी मोठीच होते तेव्हा, एकोणतीस वर्षांची, पण माणसाला गुरू मिळाला की तो पुन्हा शाळेत जातो.

सरांचं दुसरं वेड सायकलचं. निगडीला राहायचे. तिथल्या प्राधिकरण वसाहतीतल्या डॉक्टर-इंजिनिअरांना गोळा करून त्यांनी आमचा ग्रुप काढला होता. मी पिंपळे सौदागरहून जायची. रविवारी सकाळी चाळीसेक माणसं घट्ट कपड्यांत पोटं कोंबून लोणावळ्याकडे निघायची. सर सगळ्यांत पुढे, जुन्या लोखंडी सायकलवर. आमच्या सायकली त्यांच्या स्कूटरपेक्षा महाग होत्या आणि तरी आम्ही त्यांच्या पाठी धापा टाकत असायचो.

उन्हाळ्यात युरोपातली मोठी शर्यत सुरू झाली की सर आमचे राहायचे नाहीत. पाच वाजता कंपनीची बस सुटायची, चाकण चौकात हमखास अडकायची, आणि नेमका तेव्हाच तिकडचा घाट सुरू व्हायचा. सर फोन डब्याला टेकवून बसायचे. अख्खी बस ट्रॅफिकला शिव्या घालायची, सर एकटे म्हणायचे, "राहू दे रे, अजून चार किलोमीटर चढ बाकी आहे." त्यांचा एक लाडका होता. त्याचं नाव घेत नाही, नाव घेण्याची त्याची लायकी नाही. तो सॅडलवरून उठला की सरही सीटवरून अर्धे उठायचे. एकदा तो जिंकला तेव्हा सरांनी ड्रायव्हरसकट सगळ्या बसला चहा पाजला. डोळे पुसत होते. मीही पुसले.

क्वालिटी रूममधल्या कपाटाच्या दाराला आतून त्याचा फोटो होता.

मग तो पकडला गेला. रक्तात औषध सापडलं, एकदा नव्हे, वर्षानुवर्षं चाललेलं निघालं. किताब काढून घेतले. मला वाटलं, सर आता दोन दिवस जेवणार नाहीत. दुसऱ्या दिवशी डबा नेहमीसारखा उघडला.

"सगळेच घेत होते, मॅडम," सर म्हणाले. "सगळेच घेत असतील तर फरक काय राहिला? पाय तर त्यालाच मारायला लागले ना?"

"पण सर, माप म्हणजे माप, तुम्हीच म्हणता."

"ते पोलादाचं. हा माणूस आहे." मग डबा झाकत म्हणाले, "तुम्ही घ्या बरं ते औषध, आणि चढून दाखवा तो घाट."

फोटो जागेवरच राहिला. मी हसले. खरं सांगते, मला ते गोड वाटलं. एवढा कडक माणूस कुणासाठी तरी वितळतो, याचं तेव्हा कौतुक वाटलं. तेव्हाच हसायला नको होतं.

पूनम आमच्याकडे असेंब्ली लाइनवर कंत्राटी कामगार. चाकणच्या पुढच्या एका गावातली, एकवीस वर्षांची. पहिल्या शिफ्टला ती भावाच्या जुन्या सायकलवर यायची. सरांनी एकदा बसच्या खिडकीतून पाहिलं. बस चौकात अडकली, आणि ती कडेच्या मातीतून निघून गेली. आम्ही पोचलो तेव्हा ती हजेरी लावून चहा पीत होती.

सर तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. हात पुढे केला नाही. म्हणाले, "रविवारी निगडीला ये."

"कशाला?"

"शर्यतीची सायकल देतो."

"आन घरी काय सांगू?"

"मी येतो सांगायला."

गेलेही. तिच्या वडिलांसमोर अंगणात बसून दोन तास बोलले. ग्रुपकडून तिला जुनी पण चांगली सायकल मिळवून दिली. रोज पहाटे स्वतः स्कूटरवरून तिच्या मागे राहून वेळा लिहिल्या. दीड वर्षात पूनम राज्यात पहिली आली. पिंपळे सौदागरच्या चौकात फ्लेक्स लागला: मध्ये पूनम, आणि खाली गोल-गोल चौकटींत आम्ही चाळीस जण, गॉगल लावलेले. ज्यांनी तिला एकदा केळंसुद्धा दिलं नव्हतं तेही 'आपली पोरगी' म्हणत होते. खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरीसाठी तिचा अर्ज गेला. राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्या तिनांत आली की काम झालं, असं सांगितलं होतं. कंत्राट, शिफ्ट, उभ्यानं आठ तास, सगळ्यांतून सुटका. सरांनी वर्तमानपत्रातला तिचा फोटो कापून कपाटात त्या दुसऱ्या फोटोशेजारी लावला.

राष्ट्रीय स्पर्धेच्या पाच दिवस आधी तिचा गुडघा सुजला. लाइनवर माणसं कमी होती, तिला सलग दोन शिफ्ट उभं केलं होतं.

आमच्या औद्योगिक पट्ट्यात फाट्याफाट्याला एखादा तरी डॉक्टर असतो, त्याला कामगार 'उभं करणारा' म्हणतात. एका शटरचा दवाखाना, बाहेर चपलांचा ढीग. कंबर धरली, गुडघा धरला, तो सुई देतो, माणूस दुसऱ्या दिवशी कामावर उभा. सुईत काय आहे ते कुणी विचारत नाही आणि तोही कागद देत नाही. खाडे परवडत नाहीत, एवढंच सगळ्यांना माहीत असतं.

दुसऱ्या दिवशी सरच मला म्हणाले, "काल पूनमला घेऊन गेलो होतो फाट्यावरच्या डॉक्टरकडे. स्कूटरवर. काय सुई दिली हो! सूज अर्ध्यावर."

पेढ्याला सर्टिफिकेट मागणाऱ्या माणसानं त्या सुईला ते मागितलं नाही. आणि त्यांच्या हाताखाली इतकी वर्षं काढलेल्या मीही विचारलं नाही. मी म्हणाले, "वा, छान झालं."

पूनम दुसरी आली. लघवीच्या नमुन्यात स्टेरॉइड निघालं.

त्या दिवशीचा आमचा व्हॉट्सअॅप ग्रुप मी जपून ठेवलाय. 'लाज आणली.' 'या लोकांना शॉर्टकटच हवा असतो.' 'ग्रुपचा या प्रकरणाशी संबंध नाही, असं पत्रक काढा.' फसवणुकीवर सगळ्यांत लांब ज्यानं लिहिलं, त्या गृहस्थांनी गेल्या पावसाळ्यात घाटाचा वरचा टप्पा सायकल टेम्पोत टाकून केला होता आणि वर उभं राहून फोटो काढला होता. लांबच्या राइडआधी आमच्यातले निम्मे वेदनाशामक गोळ्या शेंगदाण्यासारख्या खातात. मीही खाते. आमची लघवी कुणी तपासत नाही, एवढीच आमची सचोटी! आणि हीच मंडळी सरांच्या त्या लाडक्याचं नाव छापलेला टी-शर्ट आजही घालून येतात. तो माणूस, त्याला परिस्थिती होती, दबाव होता. पूनम म्हणजे 'हे लोक'.

शेवटी सरांचा मेसेज आला. मी वाट पाहत होते. 'नियम म्हणजे नियम. सर्वांनी संयम राखावा.' खाली बत्तीस अंगठे. त्यातला एक माझा होता. सवयीनं दाबला गेला. पण दाबला गेला.

सोमवारी क्वालिटी रूममध्ये कपाट उघडं होतं. पूनमचा फोटो नव्हता. चिकटपट्टीचे चार तुकडे दाराला तसेच होते. शेजारी तो हसत होता, पिवळ्या दातांचा हलकट.

तिच्या वकिलानं सांगितलं होतं, उत्तेजकाच्या आरोपावरच्या सुनावणीत सरांचं पत्र हवं. 'मी तिला डॉक्टरकडे नेलं, सुईत काय आहे हे तिला माहीत नव्हतं,' एवढंच सरांनी लिहायचं. मग दोन वर्षांची बंदी बरीच कमी होऊ शकते. मी ते पत्र टाइप करून सरांसमोर ठेवलं.

सरांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं.

"मॅडम, मी जिल्ह्याच्या निवड समितीवर आहे. खेळाडूला मी नेलं असं लिहिलं, तर बंदी माझ्यावरही येते. मग मला शर्यतीला रस्त्याच्या कडेलासुद्धा उभं राहता येणार नाही."

"आणि तिची नोकरी?"

"ती लहान आहे. दोन वर्षं काय, अशी निघून जातील."

"सर, त्याच्यासाठी बसमध्ये रडलात तुम्ही! त्यानं जाणूनबुजून घेतलं, वर्षानुवर्षं घेतलं, तरी तुम्ही त्याची बाजू घेता. हिनं तुमच्या शब्दावर हात पुढे केला."

मी ओरडत होते. काचेपलीकडचे इन्स्पेक्टर माप सोडून बघत होते.  सर त्या कागदाची घडी घालत होते, उलगडत होते, पुन्हा घालत होते. मला त्या क्षणी त्यांची दया आली आणि त्या दयेचाही राग आला. ते त्याला माफ करू शकत होते, कारण त्यात त्यांचं काही जात नव्हतं. हिला माफ करायचं तर स्वतःचं नाव लिहावं लागत होतं. सही झाली नाही.

सुनावणी ऑनलाइन होती. पूनम माझ्या घरी आली, डायनिंग टेबलाशी, माझ्या लॅपटॉपसमोर बसली. मी ठरवलं होतं, तिनं सरांचं नाव घेतलं की मी शेजारून बोलायचं, तिला नेल्याचं मला त्यांनीच सांगितलं होतं म्हणून.

सुनावणी घेणाऱ्या बाईंनी पडद्यावरून विचारलं, "डॉक्टरकडे तुला कोणी नेलं?"

पूनमनं माझ्याकडे पाहिलं नाही. टेबलाखाली माझं मनगट मात्र घट्ट धरलं.

"कुनी न्हाई. मी एकलीच गेले व्हते."

लॅपटॉप बंद झाल्यावर मी तिच्यावर खूप चिडले. काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. 

"आवं मॅडम, सर माज्या घरी आले व्हते," ती म्हणाली. "मोठा मानूस, आमच्या अंगनात बसून आण्णांशी दोन तास बोलला. आजवर आमच्याकडं असं कुनी आलंय का? त्यांचं नाव मी नाय घ्यायची."

दोन वर्षं बंदी. नोकरीचा अर्ज परत आला.

मी सरांना सांगितलं, तिनं तुमचं नाव घेतलं नाही. त्यांनी विचारलं, "आणखी काही विचारलं नाही ना त्यांनी?" मी दार ओढून बाहेर पडले. त्या दिवसापासून आमच्यात मापापलीकडे बोलणं झालं नाही.

यंदा मार्चमध्ये सर निवृत्त झाले. कँटीनमध्ये निरोपसमारंभ झाला. प्लँटच्या साहेबांनी भाषण केलं, की या माणसानं अख्ख्या नोकरीत एकही खोटी सही केली नाही. ते खरंच होतं. ग्रुपचे पाच-सहा जण हिंजवडीहून सुट्टी टाकून आले होते. शाल, श्रीफळ, फोटो झाले. मग कामगारांची रांग लागली. रांगेत पूनम होती, डोक्याला लाइनवरची निळी टोपी, कंत्राट अजून तेच.

ती पुढे आली आणि वाकली. सरांनी पाय मागे घेतले. ती आणखी पुढे सरकली, सर आणखी मागे गेले, पाठ भिंतीला टेकली. तरी त्यांनी पाय एकमेकांवर ओढून घेतले. शाल खांद्यावरून घसरली. पूनमनं टाचेजवळची फरशी शिवली, तोच हात कपाळाला लावला आणि लाइन सुरू व्हायची म्हणून निघून गेली.

"बघा," माझ्या मागे कुणीतरी म्हणालं, "एवढा मोठा माणूस, पण पाया पडून घेत नाही."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर भिंतीला टेकून उभे होते, आणि त्या गर्दीत ते फक्त माझ्या हातांकडे बघत होते. मी हात पाठीमागे नेले.