कूलरला डांबर लावताना

आमच्या घरी कूलर उतरवायचा मुहूर्त ठरलेला. दसऱ्याला मंडळी दीक्षाभूमीवरून परत आली, अंगदुखी गेली, की येणाऱ्या रविवारी कूलर खिडकीतून खाली. मग ऑक्टोबरचं ऊन कितीही तापू द्या, "आता पंख्यावर भागवा" हा मामाजींचा हुकूम. मामाजी म्हणजे माझे सासरे. कूलर लोखंडी, जुना, अवाढव्य, आणि तसा त्यांचाच. त्यांच्या बाजेशेजारच्या खिडकीत तो बसतो. आम्ही बाकीचे उन्हाळ्यात गच्चीवर झोपतो.

यंदा दसऱ्याला मामाजी घरीच राहिले. गळ्यात गाठ निघाली होती. वाशीमच्या डॉक्टरांनी नागपूरला पाठवलं होतं, आणि तिथल्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, ऑपरेशन लवकर केलं तर माणूस बरा होईल, उशीर केला तर हातचा जाईल. मामाजींनी घरी येऊन चपला काढता काढताच निकाल दिला, "मले कापूकुपू नोका. जगलो तेवढं लय झालं." नवऱ्यानं समजावलं, हात जोडले, शेवटी तो रडलासुद्धा. मामाजी ढिम्म.

कूलरचा रविवार आला तसाच गेला. कुणी हात लावेना. टाकीच्या तळाला हिरवट पाणी राहिलं होतं, त्यात डास झाले. दिवाळीची सुटी लागल्यावर एका सकाळी मीच म्हटलं, "मामाजी, आज कूलर काढते."

"काढा. अन् भंगारवाल्याले देऊन टाका."

"कायले?"

"मंग कोनासाठी ठेवता?"

बाई गं! अशी तिडीक गेली डोक्यात! "आमचा कूलर भंगारात नाही जात," मी म्हटलं, "मी करते त्याचं सारं." आणि पदर खोचला. मी तोंडानं फटकळ, हे अख्ख्या आसेगावाला ठाऊक आहे. पण त्या दिवशी रागापेक्षा भीतीच जास्त होती. लग्नानंतर मला डी.एड.ला घातलं ते या माणसानं. मी पेपरला जायची तेव्हा माझं लेकरू मांडीवर घेऊन बसायचे ते हेच. आता तेच हातपाय गाळून बसलेले मला बघवत नव्हते.

नवऱ्यानं कूलर अंगणात उतरवून दिला आणि तो ड्युटीवर वाशीमला गेला. मी बाजूच्या जाळ्या काढल्या. आतलं गवत पाण्याच्या खारानं इतकं कडक झालं होतं की पापडासारखं मोडत होतं. ते उकिरड्यावर टाकलं. पंपाला लिंबू चोळून पांढरा थर काढला, पुसून पिशवीत बांधून ठेवला. टाकी घासली, गंज खरवडला, उन्हात चांगली वाळू दिली. मामाजी दारातल्या बाजेवर पाठ फिरवून पडले होते, पण कान सगळे इकडं. दरवर्षी हे काम तेच करायचे आणि मला जवळ फिरकू द्यायचे नाहीत.

दुपारी मी चुलीवर डांबर पातळ केलं आणि फडक्यानं टाकीला आतून लावायला बसले. डांबर लावलं की टाकी सडत नाही. मी कंजुषी केली नाही, कोपरा न् कोपरा दाट सारवला.

"भोकात पऱ्हाटी खोचली काय?" मागून घोगरा आवाज आला.

टाकीच्या तळाला पाणी सोडायचं भोक असतं. डांबर लावायच्या आधी मामाजी त्यात पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काडीचा, तुकडा खोचून ठेवत. मी साफ विसरले होते. भोक पार बुजलं होतं.

"बुजवलं ना! मंग उन्हाळ्यात पानी कुठून सोडशीन? डोक्यावरून?"

मी फडकं हातात धरून गर्रकन वळले. "उन्हाळ्याचं तुमाले काय करायचं? तुमाले तं भंगारात द्यायचा होता ना!"

बोलून गेले. आजारी माणसाला असं कुणी बोलतं का? मामाजी उठले. चुलीत सळई घातली, लाल केली, टाकीपाशी उकिडवे बसले आणि हळूहळू फिरवत भोक मोकळं करू लागले. तोंडाचा पट्टा चालूच होता. "मास्तरीन झाली, शाळा शिकवून राह्यली, पन भोक नाई दिसत. काही सांगायची सोय नाई." गेल्या कित्येक दिवसांत ते एका दमात इतकं बोलले नव्हते. मी गुपचूप ऐकून घेतलं, आणि खरं सांगते, मला फार बरं वाटलं.

भोक मोकळं झालं. त्यात त्यांनी स्वतःच्या हातानं पऱ्हाटीचा तुकडा खोचला. "दुसरा हात उद्या मारजो, आज ओलं हाय," म्हणाले. मला वाटलं, आता जाऊन पडतील. पण ते तिथंच बसून सळईचं डांबर दगडावर घासत राहिले.

"पोरी," वर न बघताच ते म्हणाले, "त्या नागपूरच्या डॉक्टरले इचारजो, गळ्याचं ऑपरेशन झाल्यावर कूलरची हवा चालते काय."

तशाच डांबरानं भरलेल्या हातानं मी नवऱ्याला फोन लावला.